टपालातली काडी

आंबागड
१८ नोव्हेंबर १९७९

खुशाल,

वर 'चिरंजीव' लिहायचं आणि मग 'अनेक आशीर्वाद', असं गुरुजींनी सांगितलं. मी तुला कधी चिरंजीव म्हणून हाक मारली नाही, म्हणून नावच लिहिते. तू हसशील, की आई बोलते तसं हे नाही. पुस्तकं वाचून वाचून मला लिहिणं तेवढंच आलं, पुस्तकासारखं. दुसऱ्यांचं बोलणं मात्र ते बोलले तसंच लिहीन.

तुझं पत्र पोचलं. पाकिटावरच्या तिकिटावर लांब मानेचं जनावर आहे. यादोराव भाऊजींच्या पोरांनी ते मागितलं, पण तुळसाने आधीच वाफेवर धरून सोडवलं आणि पेटीत ठेवलं.

"सांगून निघालो असतो तर निघणं झालंच नसतं," असं तू लिहितोस. खरं आहे, मी दारात आडवी झाले असते. पण नागपूरला तुझ्या घरं बांधणाऱ्या संस्थेची बैठक होती, तिथं म्हणून तू गेलास, तुळसाने पोळ्या आणि लोणचं बांधून दिलं, आणि पुढचं कार्ड मुंबईहून आलं. तोवर ती रोज संध्याकाळी तुझ्या वाटणीचा तांदूळ टाकत होती. कार्ड आल्यावर तिने भाताचा गंज तोच ठेवला, तांदूळ कमी केला. लग्नाचा दुसरा उन्हाळाही तिने तुझ्यासोबत पुरता पाहिला नाही.

गावात विचारतात, तेव्हा मी सांगते: आंध्रात समुद्राचं वादळ झालं, तेव्हा खुशाल तिकडे घरं बांधायला गेला होता. तिथं परदेशातली माणसं आली होती. त्यांनी याचं मातीचं काम पाहिलं. आता ते त्याला आफ्रिकेत घेऊन गेले आहेत, टांझानिया म्हणून देश आहे तिथं. गरिबांची घरं बांधतो, आणि ज्यांना आईबाप नाहीत त्या पोरांसाठी शाळा बांधतो, त्यांना सांभाळतो. पगार नाही, जेवणखाण आहे. एवढं होईपर्यंत लोक ऐकतात. मग शेजारची गोदावरीबाई विचारते, "इथचे गरीब सरले का व?" सगळे हसतात. मीही हसते.

तुळसा बरी आहे. तिला म्हटलं, चौथी शिकली आहेस, दोन ओळी तू लिही. "तुमीच लिवा, आत्याबाई. तुमचं अक्षर चांगलं हाय," म्हणाली आणि सूप घेऊन बाहेर गेली. माझं अक्षर चांगलं नाही. तू पाटीवर गिरवायचास तेव्हा चुलीपुढे बसून मी राखेत गिरवलं, तेवढंच.

निघण्याआधी तू पुढच्या भिंतीला खिडकी पाडलीस आणि गज बसवायचे राहिले. भाऊजींनी त्यावर बांबूच्या कमच्या ठोकून घेतल्या. "जवान सून घरात, मानूस परदेशात, अन् खिडकी उघडी कायले?" असं म्हणाले. हवा येते अजून.

दोन वर्षं म्हणाला आहेस. धान दोनदा कापलं की झालं.

तुझी आई


आंबागड
७ सप्टेंबर १९८०

खुशाल,

फोटो मिळाला. अर्धी उठलेली भिंत आहे, भिंतीवर तू बसला आहेस, आणि चहूकडे पोरं. एक खांद्यावर चढलं आहे आणि त्याने तुझे दोन्ही कान धरले आहेत. तू लिहिलंस की ती सगळी तुला 'म्वालिमू' म्हणतात, म्हणजे गुरुजी. आपल्या गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे माहा जातभाई झाला का?" आणि खूश झाले. त्यांनी शाळेतला जगाचा नकाशा घरी आणून दाखवला. आपल्या बाजूचा समुद्र ओलांडला की तुझा देश. बोटाने गेलं तर फार लांब नाही.

तिथली माती सुकताना तडकत होती, म्हणून तू त्यांना गवत कुजवून मातीत मिसळायला शिकवलंस, हे मी दोनदा वाचलं. तुझे बाबा असंच करायचे. धान झोडून उरलेलं तणस चिखलात घालून पायांनी मळायचे, आणि तू लहान, त्यांच्या मागे मागे चिखलात पाय आपटायचास. त्यांनी तुमसरच्या पलीकडे एक भिंत घातली नाही. तापाने गेले तेव्हा नाल्याला पूर होता म्हणून त्यांना दवाखान्यातही नेता आलं नाही. आणि त्यांची माती एवढ्या दूर गेली. मला फार बरं वाटलं. हे लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की आईला बरं वाटतच नाही.

तुळसाने फोटो बराच वेळ पाहिला. "वजन उतरलं त्यायचं," म्हणाली. मग वांगी चिरता चिरता तिने विचारलं, "आत्याबाई, यातलं त्यायचं सोताचं कोनतं हाय?"

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा म्हटलं, "काई बी बोलू नोको. शाळेतले पोरं हायेत थे."

तिने मान हलवली. खांद्यावरच्या पोराने धरलेले तुझे कान ती बघत होती.

मी तिला उत्तर दिलं. तू मला दे.

तुझी आई


आंबागड
२६ जुलै १९८१

खुशाल,

तुझं उत्तर आलं. "माझं त्यात कोणी नाही आणि सगळीच माझी आहेत," असं तू लिहिलंस. मी तुळसाला पत्र वाचून दाखवत होते. पहिला अर्धा भाग ऐकून तिचा चेहरा सैल झाला, आणि पुढचा ऐकून ती उठून गेली. पुढचा भाग मी गाळायला हवा होता. वाचता यायला लागल्यापासून मला काही गाळता येत नाही.

आणि तू येत नाहीस. पहिलं गाव झालं, आता दुसऱ्या गावात बांधायचं आहे, मुलं सोडत नाहीत, असं लिहितोस. मुलं सोडत नाहीत हे मला समजतं. मी ही दोन वर्षं तेच करते आहे, फक्त माझ्या हाताला तुझे कान लागत नाहीत.

रोवणीच्या दिवसांत तुझा सासरा आला. चिखलात रोवणाऱ्या बाया सोडून मला बांधावर यावं लागलं. भैय्यालाल तुला माहीत आहे, हसत हसत बोलतो आणि बोललेलं आठ दिवस सलतं.

"इहीनबाई, जावाई दुनियेचे घरं बांधून राहिले म्हन्ते. चांगलं हाय. पन तुमच्या घरावरचे कवेलू औंदा कोन फेरले?"

मी म्हटलं, "तुळसानं अन् मीनं."

"तुळसा चढली होती वरतं?"

"मी चढली. थे खालून देत होती."

तो मग म्हणाला, "एक विचारू? राग नोका मानू. पोरगं भटकते म्हनून तुमाले त्याच्यासाठी खुटा पाह्यजे होता. आमची पोरगी खुटा झाली. आता बैल दावं तोडून गेला. खुट्याचं काय करता?"

रोवणाऱ्या बायांनी हात थांबवले होते. मी म्हटलं, चहा घेऊन जा. तो म्हणाला, पोरीच्या हातचा घेतो, आणि घराकडे गेला. मी चिखलात परत उतरले. तुळसा तिथंच रांगेत होती, बांधाकडे पाठ करून. तिने सगळं ऐकलं होतं. बाप आपल्याला घरी शोधतो आहे हे माहीत असून ती उठली नाही. पाणी ढवळतच राहिली.

दिवाळीला तू येशील असं मी गावात सांगितलं आहे. तू तसं लिहिलं नव्हतंस. मी सांगितलं.

तुझी आई


आंबागड
२० जानेवारी १९८३

खुशाल,

दोन दिवाळ्या झाल्या. आता कोणी विचारत नाही, म्हणून सांगावंही लागत नाही.

तू मागच्या पत्रात तुळसाला वाचायला पुस्तकं घेऊन दे असं लिहिलंस. मी तिला माझ्याजवळची देते. ती वाचते आणि बाजूला ठेवते. परवा विचारलं, गोष्ट कशी होती? म्हणाली, "त्यातली बाई शेवटी कोठंतरी पोचते, आत्याबाई."

संक्रांतीला शकुनबाईकडे हळदीकुंकू होतं. मी विधवा, मी जात नाही. तुळसाला पाठवलं. ती लवकर परत आली. कपाळाला कुंकू लावलं होतं, वाणही दिलं होतं, अपमान असा कोणी केला नाही. फक्त शकुनबाईच्या सुनेचं बाळ तिने घेतलं, तर शकुनबाईच हसून म्हणाली, "दे माय त्याले इकडे, तुह्या अंगावर मुतंन." आणि काढून घेतलं. एवढंच झालं. तुळसाने हे मला सांगितलं ते वाण फळीवर ठेवता ठेवता, पाठमोरी.

मग तिने विचारलं, "मी काय आहो, आत्याबाई? एवढं सांगा. सवाशीन आहो तर माहा मानूस कोठं हाय? रांड आहो तर मले तुमच्यासारखं बसू द्या ना एका कोपऱ्यात. इथं ना तिथं, दोन्ही दारं बंद अन् मी मधात."

असं तिने मला इतक्या वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, चहा ठेव.

आता दुसरी गोष्ट. भैय्यालालने तिच्यासाठी माणूस पाहिला आहे. नाव इश्वर. तिच्या माहेरचाच, नाकाडोंगरीचा आहे, मँगनीजच्या खाणीत कामाला जातो. बायको बाळंतपणात गेली, एक मुलगी आहे, चालती बोलती. आपल्यात बाईचं दुसरं लग्न, पाट, चालतो हे तुला माहीत आहे. पण नवरा जिवंत असताना पाट लागत नाही, आधी नवऱ्याला पंचांपुढे काडी मोडावी लागते. म्हणून भैय्यालाल माझ्याकडे आला की तुमी पोराले लिवा.

मी नाही म्हटलं. सरळ म्हटलं की माझा मुलगा येणार आहे, आणि माझ्या सुनेचा विचार दुसऱ्याने करू नये. भाऊजीही म्हणाले, "जिवंत मानसाची बायको पाटाले देली तर तोंड कोठं दाखवू आमी?" त्या दिवशी भाऊजी आणि मी एका बाजूला होतो. असं फार वेळा होत नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

ती गेली तर या घरात मी आणि चूल. हेही त्या 'नाही'मध्ये होतं. तू दूर आहेस म्हणून लिहिता येतं.

या उन्हाळ्यात ये. नुसता भेटायला ये. तिच्यापुढे उभा राहा, मग परत जायचं तर जा.

आई


आंबागड
११ डिसेंबर १९८३

खुशाल,

हे पाकीट जाड आहे. निळ्या हवाई पत्रात काही घालू देत नाहीत, म्हणून पाकीट घेतलं. आत पुठ्ठ्याचे दोन तुकडे आहेत, त्यांच्यामध्ये काडी आहे. हळू उघड.

ती आपल्या धानाची आहे, नाल्याकडच्या बांधीतली. मळणी झाल्यावर मी तणसाच्या ढिगातून सरळ बघून काढली. तुझ्याकडे असेल ते गवत वेगळं असेल, म्हणून इथली पाठवते. तू तिकडे काडी मातीत घालून भिंती धरून ठेवतोस. ही काडी त्यासाठी नाही.

मी नाही म्हटलं होतं, मग आता काय झालं, असं तू विचारशील. सांगते.

तुझे बाबा गेले तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. वर्षभराने मोठी माणसं बसली आणि माझा पाट यादोराव भाऊजींशी लावायचं ठरवू लागली. धाकटा दीर, रीतीला धरून होतं. मी ऐकलं नाही. लोकांना वाटलं मी तुझ्या बाबांच्या नावाने बसते आहे. तेही होतं. पण खरं हे, की मला बसता आलं कारण माझ्या मांडीवर तू होतास. तुला भरवायचं, तुझ्यामागे धावायचं, तुझ्या पाटीवरचं बघून राखेत अ काढायचा. माझा दिवस भरलेला होता. मी तुळसाला माझ्यासारखं बसवायला निघाले होते, आणि तिच्या मांडीवर काय, तर तिकिटावरचं जनावर.

आश्विनात ती आजारी पडली. ताप नव्हता, खोकला नव्हता. नुसती पडून राहायची, तोंड खिडकीकडे करून. कमच्यांच्या सावल्या तिच्या अंगावर पडायच्या. तुमसरच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. दुसऱ्या दिवशी मी विळा घेऊन त्या कमच्या काढायला गेले, तर म्हणाली, "राहू द्या. आता सवय झाली." तेव्हा मी घाबरले, खुशाल. इतकी मी तुझ्या बाबांच्या वेळीही घाबरले नव्हते.

मी स्वतः नाकाडोंगरीला गेले आणि इश्वरला पाहून आले. कमी बोलतो. त्याच्या कपड्यांना खाणीची काळी धूळ आहे आणि मुलीच्या वेण्या तो स्वतः घालतो, वाकड्या. मी सांगितलं, मी तुळसाची सासू. त्याने पाया पडून विचारलं, "त्यायची मरजी हाय का? का बापाचीच?" हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. घरी येऊन मी तुळसाला विचारलं. ती म्हणाली, "त्यायनं मोडली तर हो. नाई मोडली तर मी इथंच. चोरून मी जानार नाई."

मग मी पंचांना भेटले. तू परदेशात, येऊ शकत नाहीस, तर काडी टपालाने चालेल का? पंचांनी असं कधी ऐकलं नव्हतं. तीन बैठका झाल्या. शेवटी म्हातारे सुखरामजी म्हणाले, चालंन, पन मोडाची त्यानं आपल्या हातानं, अन् इथून जाईन तेच काडी वापस आली पाह्यजे. ओळखीसाठी त्यांनी एका टोकाला हळदीचं बोट लावलं आहे. ते बघ.

तर असं आहे. तू येणार असशील, येऊन तिच्यासोबत राहणार असशील, तर काडी अख्खी परत पाठव आणि येण्याची तारीख लिही. नाही तर मोडून पाठव. मी रागावणार नाही. तुझ्या तिकडच्या कामाला मी कधी खोटं म्हटलं नाही. त्या पोरांना तू हवा आहेस. पण ती पोरं तुला मिळाली म्हणून इथं एक माणूस बांधून ठेवता येत नाही.

ये किंवा मोड. तिसरं काही पाठवू नकोस.

आई


आंबागड
२९ एप्रिल १९८४

खुशाल,

टपालवाला तुझं पाकीट घेऊन मार्चमध्ये आला तेव्हा मी एकटीच मोहफुलं वेचत होते, टेकडीच्या पायथ्याला. त्याने तिथंच दिलं. मी झाडाखाली बसून उघडलं.

तू काडी किती नीट बांधून पाठवलीस. पुठ्ठा, आत कापूस, कापसात पातळ कागद, त्यात काडी. एवढ्या देशांतून आली आणि तिला चीरसुद्धा गेली नव्हती. हळदीचा डाग होता तसा होता. मला वाटलं, आला माझा मुलगा. मग पत्र वाचलं.

"आई, मला मोडवत नाही. तिने माझं काही वाईट केलेलं नाही. आणि यायचं आत्ता जमत नाही, शाळेचं छप्पर अर्ध्यावर आहे, मुलं उघड्यावर झोपतात. तुळसाला सांग की तिने माझी वाट बघावी असा माझा हट्ट नाही."

तिसरं काही पाठवू नकोस असं मी लिहिलं होतं.

मी बराच वेळ बसले. फुलं वरून टपटपत होती, डोक्यावर, कागदावर. तुझं पत्र वाईट नाही. वाईट माणसाचं असतं तर मला सोपं गेलं असतं. तू तिकडच्या पोरांना छप्पर देतोस आणि इकडे एका बाईला दारही देत नाहीस, आणि दोन्ही एकाच चांगुलपणाने करतोस.

मग मी ती काडी मोडली. मधोमध. आवाजसुद्धा झाला नाही.

तुकडे परत कागदात ठेवले, कापूस मोहाखाली पुरला आणि तुझं पत्र घरी येऊन चुलीत घातलं. आजवरची तुझी सगळी पत्रं माझ्याजवळ आहेत, ते एक नाही.

संध्याकाळी पंच मारुतीच्या ओट्यावर बसले. सुखरामजींनी तुकडे जोडून पाहिले, हळद पाहिली. भाऊजी म्हणाले, "टपालात मोडली असंन. खुशालनं मोडली हे कशावरून?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, "माह्या पोरानं मोडली."

"पत्र कोठं हाय?"

"पत्र माह्या नावाचं हाय, भाऊजी. आईले लिवलेलं गावात वाचतेत का?"

"वयनी, आन घ्याल का?"

मी उत्तर द्यायच्या आधी मागून गोदावरीबाई ओरडली, "मोडली म्हंजे मोडली! आता काय टपालवाल्याले बोलावता का साक्षीले? का त्या तिकिटावरच्या जनावराले?" बाया हसल्या, मग माणसंही हसली, आणि हसण्यात ते आणेचं राहून गेलं. मला आण घ्यावी लागली असती तर मी घेतली असती. सुखरामजींनी तुकडे नाल्यात सोडले.

घरी तुळसा दारात उभी होती. तिने विचारलं, "त्यायनंच मोडली ना, आत्याबाई?"

"हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "थे मोडनारे नाईत." मग म्हणाली, "बरं." आणि माझ्या केसांत अडकलेलं मोहाचं फूल काढलं.

पाट रीतीने अंधार पडल्यावर लागतो, मांडव नाही, वाजंत्री नाही, बाईने मागच्या दाराने निघायचं. मी म्हटलं, असं होणार नाही. भर दिवसा, पुढच्या दाराने, जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव घालून.

भाऊजी संतापले. "वयनी, सून हाय थे. पोरगी नाई!"

मी म्हटलं, "काडी मोडली तशी सून सरली. आता पोरगीच हाय."

मांडव त्यांनीच घातला, खुशाल. शिव्या देत देत, पण डहाळ्या स्वतः जंगलातून आणल्या.

निघताना ओटी भरायची वेळ आली तेव्हा शकुनबाई पुढे झाली. तुळसाने पदर मागे घेतला. "आत्याबाई भरतीन," म्हणाली. मी म्हटलं, "माह्या हातानं नाई चालत, माय." ती म्हणाली, "तुमीच भरा. नाई तर रिकामी जातो." मी भरली. आपलेच तांदूळ, सुपारी, हळकुंड. थोडे तांदूळ खाली सांडले, ते इश्वरच्या मुलीने एकेक वेचून तिच्या पदरात टाकले. तुळसाने तिला उचलून कडेवर घेतलं. कोणी काढून घेतलं नाही.

बैलगाडी वळणाला गेली तेव्हा मी आत आले. तिची पेटी ती घेऊन गेली. तिकिटं फळीवर ठेवून गेली आहे, सगळी, एकावर एक. संध्याकाळी मी दोघींच्या मापाने तांदूळ टाकला. ते आता सुटेल हळूहळू.

आता तुला जे मागायचं आहे ते मागते. काडी अख्खी होती हे तू जाणतोस आणि मी जाणते. तू गावात आलास आणि कोणी विचारलं, तर तुला तोंडावर खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही; न सांगता निघणं तेवढं येतं. पाट खोटा ठरेल, तुळसा परत कुठलीच राहणार नाही. म्हणून इतकी वर्षं 'ये' लिहिलं, आज 'येऊ नकोस' लिहिते. तिचा संसार रुजेपर्यंत, तिच्या मांडीवर एखादं पोर येईपर्यंत, सुखरामजी आणि भाऊजी हे विसरेपर्यंत. किती दिवस ते मला सांगता येत नाही. मी असेन नसेन. मी मोडली ती काडी तिची होती, पण दार माझंच लागलं.

नवऱ्याबायकोची काडी मोडायची रीत आहे. आई आणि मुलाची नाही. पंचांनाही ती मोडता येत नाही, नाही तर या महिन्यात कोणीतरी मलाही सुचवलं असतं.

खिडकीच्या कमच्या मी काल काढल्या. आता त्यांचं काम नाही, आणि मला रस्ता दिसतो. पाऊस यायच्या आधी कवेलू फेरायचे आहेत. भाऊजी म्हणाले, मी चढतो, तुमी खालून द्या.

शाळेच्या छपराचं काय झालं ते कळव. मुलं अजून उघड्यावर झोपतात का? त्या खांद्यावरच्या पोराचं नाव काय, ते तू कधीच लिहिलं नाहीस. आणि आजवर तुझ्या प्रत्येक पत्रात 'तुळसाला सांग' असायचं. आता तसं लिहू नकोस.

आता मला लिही.

तुझी आई
गिरजा